रंगाचा शुक्रवार

शुक्रवारी दुपारी माझे यजमान जनार्दन शेडमधून बाहेर आले. त्यांनी हातातली स्प्रेगन शफीकभाईंकडे दिली, जमिनीवर बसले, आणि त्यांना श्वास घेता येईना. शफीकभाईंनी रिक्षा थांबवली. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. त्यानंतर जनार्दननी गाडीला रंग मारला नाही.

ते शेड भिवंडीत, अंजूरफाट्याकडून गावात येणाऱ्या रस्त्याला लागून होतं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग. पुढे रस्ता, मागे यंत्रमागांच्या गाळ्यांची रांग. दोन हजार सालानंतरची बरीचशी वर्षं मी तिथं काढली. दिवाळी अंकांत लोक आपापल्या कामाबद्दल लिहितात ते मी आवडीने वाचत आले आहे. डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, स्टेशनमास्तर लिहितात. गाडीचा रंग जुळवणाऱ्या बाईने लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून लिहिते आहे. लिहायला वेळ लागतो आहे. तो लागू दे.

शेडमधलं काम तिघांत वाटलेलं होतं. शफीकभाई डेंटर. त्यांचे वडील मागावर काम करायला उत्तरेकडून आले. शफीकभाई निजामपुऱ्यातच जन्मले आणि वाढले. वडिलांनी मागावर बसवलं तेव्हा ते पळून एका गॅरेजात गेले. "लूम की खटखट मालिक की, भाभी," ते मला म्हणत, "मेरी खटखट मेरी." जनार्दन पेंटर. ते खाडीकाठच्या गावचे. माझे सासरे खाडीत जाळं टाकत आणि पावसाळ्यात भात लावत. त्यांच्या वाट्याच्या तुकड्यावरच हे शेड उभं होतं. आणि रंग जुळवणं माझ्याकडे.

मी गणेशपुरीच्या खालच्या अंगाच्या एका गावातली. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि लग्नाआधी निजामपुऱ्यातल्या एका सुताच्या पेढीवर नोकरीला होते. रंगवलेल्या सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, आले की एकाच रंगाचे वाटणारे कोन वेगळे काढायचे, हे माझं काम. दोन कोन डोळ्यांना सारखे दिसतात, पण रंगाच्या एकाच घाण्यातले नसले तर कापडात पट्टा पडतो आणि अख्खं ठाण परत येतं. लग्नानंतर एकदा जनार्दन पत्र्याच्या दोन पट्ट्या घरी घेऊन आले. दोन्ही निळ्या. गिऱ्हाईक म्हणतं रंग वेगळा आहे, मला तर दिसत नाही, अशी त्यांची तक्रार. मी चहा गाळता गाळता म्हटलं, "ह्या डावीकडच्यात हिरवं जास्त आहे." ते पट्ट्या घेऊन अंगणात गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, "उद्यापासून रंगाचा डबा तू बघ."

बाहेरच्या माणसाला वाटतं की गाडीवर ओरखडा आला म्हणजे त्यावर रंग लावायचा. आधी ओरखडा किती खोल आहे ते पाहावं लागतं. त्यासाठी नखासारखं दुसरं हत्यार नाही. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर वरच्या पारदर्शक थरालाच लागलंय, घासून पॉलिश केलं की जातं. नख अडकलं तर रंगाला लागलंय. आत करडं दिसलं तर अस्तरापर्यंत गेलंय, आणि चमकलं तर पत्र्यापर्यंत. तिथं पावसाळ्याच्या आत काही केलं नाही तर गंज धरतो. पोचा असेल तर शफीकभाई आतून ठोकून पत्रा वर आणत. जो थोडा खड्डा राहील त्यात लांबी भरायची. लांबी म्हणजे लुकण, भिंतीला लावतात त्याची चुलत बहीण. ती वाळली की पाणी मारत मारत पॉलिशपेपरने घासायची. इतकी घासायची की डोळे मिटून हात फिरवला तर कुठून काय सुरू होतं ते कळू नये. मग अस्तर, मग रंग, मग वरचा पारदर्शक थर.

रंगाचा नंबर गाडीच्या कंपनीने दिलेला असतो. नवख्या माणसाला तो पुरेसा वाटतो. पण गाडी उन्हात उभी राहते, आणि माणसासारखीच एका अंगाने जास्त रापते. ज्याची गाडी वर्षानुवर्षं एकाच भिंतीला लागून उभी असते, तिची भिंतीकडची दारं तरुण राहतात. म्हणून डब्यातला रंग तिथल्या तिथे थेंबाथेंबाने बदलावा लागतो: कुठे काळ्याचा थेंब, कुठे पिवळ्याचा. पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून, गाडीशेजारी धरून पाहायचं. हे आत ट्यूबलाइटखाली करून चालत नाही. त्यामुळे माझं टेबल शेडच्या बाहेर, रस्त्याकडेच्या उघड्यावर होतं. रंगाचा कोट वाळेपर्यंत मी तिथेच वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचत बसे. माझी सगळी वर्षं त्या टेबलाशी गेली, हे पुढच्यासाठी सांगून ठेवते.

आता भिवंडीची गोष्ट. मागाच्या गाळ्यांतून सुताची धूळ उडते. कापसाची ती बारीक रुई केसांवर, विजेच्या तारांवर, कोळ्याच्या जाळ्यांवर, चहाच्या कपात, सगळीकडे असते. इथल्या लोकांना ती दिसेनाशी झालेली आहे. पेंटरला मात्र ती दिसते. ओल्या रंगावर एक तंतू बसला की तो रंगाबरोबर वाळतो, आणि उन्हात गाडी उभी केली की केसासारखा दिसतो. म्हणून आमच्या रस्त्यावरचे सगळे पेंटर शेवटचे कोट शुक्रवारी मारत. शुक्रवारी मागांना सुट्टी. शहर गप्प होतं, हवा खाली बसते. आठवडाभर ठोकाठोकी, लांबी, घासकाम; शुक्रवारी रंग. गिऱ्हाईक सोमवारी येवो की गुरुवारी, त्याला आम्ही सांगत असू, "शनिवारी घेऊन जा."

हे बाळारामशेठना पटेना. बाळारामशेठ दापोड्याचे, जनार्दनच्या नात्यातले. त्यांची शेतजमीन गोदामांना गेली आणि दारात मोठी पांढरी गाडी आली. गाडी आणली त्याच आठवड्यात त्यांनी ती स्वतःच्या बंगल्याच्या खांबाला घासली. बोनेटला पोचा, मडगार्ड दबलेलं. मुलाची हळद गुरुवारी होती आणि नवरदेव याच गाडीतून जायचा होता.

"शुक्रवारी मारून काय करू, जना?" ते म्हणाले. "पोराचं लगीन काय माग बंद बघून लावू?"

जनार्दननी बुधवारी रंग मारला. शेडच्या तोंडाला ओल्या चादरी बांधल्या, जमिनीवर पाणी मारलं. तरीही संध्याकाळी बोनेट पाहिलं तेव्हा शफीकभाईंनी कपाळाला हात लावला. गुरुवारी सकाळी बाळारामशेठ आले. बोनेटवरून हात फिरवला, वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वयनी, ही गाडी हाय का बोकड?"

मला हसू आवरेना. जनार्दन हसले नाहीत. हातचं काम खराब झालं की ते दिवसभर जेवत नसत. नवरदेव त्याच केसाळ गाडीतून गेला. फुलांच्या माळांनी बोनेट झाकलं. लग्न आटोपल्यावर बाळारामशेठ पुन्हा आले, या खेपेला टेम्पो घेऊन. टेम्पोत जाड प्लास्टिकच्या गुंडाळ्या होत्या. गोदामात मालावर गुंडाळतात ते.

"घे," ते म्हणाले. "हेची खोली बांध. परत कुनाच्या पोराला बोकडावर बसवू नको."

जनार्दन आणि शफीकभाईंनी शेडच्या आत लाकडी चौकट उभी केली आणि तिच्यावर चारही बाजूंनी, वरून, खालून प्लास्टिक ठोकलं. सांध्यांना टेप. दाराला दोन पडदे, एकामागे एक. गाडी आत घेतली की पडदे सोडायचे. ती खोली बघायला आमच्या रस्त्यावरचे इतर पेंटर येऊन गेले. तिच्यातून निघालेलं पहिलं बोनेट जनार्दननी रस्त्यावर उन्हात आणून ठेवलं आणि चष्मा लावून इंच इंच पाहिलं. एकही तंतू नव्हता. त्या दिवशी ते माझ्याशी जितकं बोलले तितकं लग्नानंतर कधी बोलले नसतील.

त्या काळात आमच्याकडे गणेशपुरीच्या रस्त्यावर जीप चालवणारा पांडू म्हणून एक जण आला. माझ्या माहेरच्या शेजारच्या गावचा. खिशातून केळीच्या पानात गुंडाळलेलं अबोलीचं फूल काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवलं.

"ताय, जीप ह्या रंगाची करायची हाय."

"आख्खी?"

"आख्खी. बायको म्हनते, स्टँडवर उभा हायेस का गुत्त्यावर, मना माळावरून कळाया पायजे."

मी फूल पाण्यात ठेवलं आणि डबे काढले. दुपारपर्यंत अबोली मलूल झाली, संध्याकाळी तिचा रंग विटकरी व्हायला लागला. मी सकाळचा रंग डोळ्यांपुढे धरून थेंब टाकत होते. पांडू दर वेळी फूल आणि पट्टी शेजारी धरून म्हणे, "ताय, ह्ये जमत न्हाय." मी त्याला सांगितलं, "ते फूल आता फूल राहिलं नाही. उद्या ताजं आण." दुसऱ्या दिवशी त्याने ताजं आणलं. पट्टी त्याच्याशेजारी धरून त्याने दोन्हींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आता मेलो. आता लपाया जागाच न्हाय." ती जीप पुढे बरीच वर्षं त्या रस्त्यावर धावली. माहेरी जाताना ती मला लांबून दिसे आणि बरं वाटे. माझ्या कामातलं दाखवण्यासारखं म्हणाल तर तेवढंच. बाकीचं सगळं काम दिसू नये म्हणूनच केलेलं असतं.

याच सुमारास रंग बदलला. आधीचा रंग आपोआप वाळायचा, पण मऊ असायचा आणि वर्षभरात त्याची चमक जायची. नवा रंग दोन डब्यांचा. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळून मारले की काचेसारखा कडक होतो. गिऱ्हाइकांना तोच हवा होता. हार्डनर आमच्याकडे सुटा येई, दुकानदार मोठ्या डब्यातून पाण्याच्या बाटलीत ओतून देई. त्याला थिनरसारखा भपकाही नव्हता. थिनरने डोकं दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, हे पेंटरला ठाऊक असतं आणि तो त्यापासून जपतो. ज्याला वास नाही त्यापासून काय जपायचं?

जनार्दन तोंडाला फडकंही बांधत नसत. फडकं बांधलं की गन ऐकू येत नाही, असं ते म्हणत. ऐकायचं कानाने, फडकं तोंडाला, असं मी म्हटलं तर ते नुसतं हसले. पण मी नंतर पाहिलं की त्यांचा श्वास आणि हात बरोबर चालत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात नेताना ते श्वास सोडत आणि वळताना घेत. श्वास लागला की हात थांबे आणि तिथं रंगाचा ओघळ येई. त्यांचे ओघळ कधी येत नसत.

मग ओघळ यायला लागले. खोकलाही आला.

भिवंडीत खोकल्याचं कुणाला काही वाटत नाही. मागाच्या गाळ्याशेजारी राहणारा प्रत्येक जण खोकतो. शफीकभाई म्हणत, "जिसको खाँसी नहीं, वो भिवंडी का नहीं, बाहर से आया है." शिफ्ट सुटली की मागावरचे कामगार गुळाचा खडा तोंडात टाकतात, गुळाने छातीतली रुई उतरते असा सगळ्यांचा विश्वास. आमच्याकडेही संध्याकाळी गूळ असे. जनार्दन दोन खडे घ्यायला लागले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, राहता कुठे ते विचारलं, शेडच्या मागे माग आहेत हे कळल्यावर म्हणाले, रुईपासून जपा. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं. समोर दिसत होती ती रुईच.

म्हणून आम्ही खोलीचे सांधे पुन्हा एकदा टेपने बंद केले. दाराला तिसरा पडदा लावला. रंग मारून झाल्यावर पूर्वी पडदे वर करत, ते करणं सोडून दिलं. आणि जनार्दन दुपारचा डबा त्या खोलीत खाऊ लागले. मी बाहेरून हाक मारी, "अहो, इथे झाडाखाली या ना." आतून प्लास्टिकमागे त्यांची सावली हले आणि आवाज येई, "इथं हवा साफ आहे. तूच आत ये."

मी जात नसे. माझा डबा उजेडात असे, रंग पाहता पाहता मी खाई.

एका वर्षी सुताच्या भावावरून माग बंद पडले. एक शुक्रवार नव्हे, काही आठवडे. भिवंडी अशी शांत मी कधी ऐकली नव्हती. कामगार गावी गेले. चहावाल्यांनी भांडी उलटी घातली. विजेच्या तारांवरची रुई वाऱ्याने उडून गेली आणि नवी बसली नाही. शफीकभाईंचा खोकला थांबला. त्यांनाच ते चमत्कारिक वाटलं. "भाभी, मैं बाहर का हो गया," ते म्हणाले.

आमच्याकडे मात्र काम साठलेलं होतं. रोजच शुक्रवार असल्यासारखे जनार्दन रोज रंग मारू लागले. आणि रोज संध्याकाळी त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. शहरभर रुई नव्हती. सगळ्यांची छाती मोकळी झाली होती आणि यांची भरत चालली होती.

मी टेबलाशी बसून मागचं आठवत गेले. त्यांचा खोकला नेहमी शुक्रवारी संध्याकाळी वाढे, शनिवारी जास्त असे, सोमवारनंतर उतरे. ज्या दिवशी गावात रुई कमीत कमी, त्याच दिवशी. हे इतकी वर्षं माझ्यासमोर होतं.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "हे रुईचं नाही. रंगाचं आहे."

"रंगाचं? एवढी वर्षं मारतोय, तेव्हा न्हाय झालं ते?"

"एवढी वर्षं हा रंग नव्हता. आणि ही खोली नव्हती."

त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "माझा बाप पाण्यावर जगला, सुमन. पाण्याने त्याला काही केलं न्हाय. माणूस ज्यावर जगतो ते त्याला खात न्हाय."

"उद्या ठाण्याला जाऊ. छातीच्या डॉक्टरकडे."

"उद्या शुक्रवार. दोन गाड्या आहेत. सोमवारी जाऊ."

सुरुवातीला सांगितला तो हाच शुक्रवार.

ठाण्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता. दुसरा विचारला, रंगात हार्डनर घालता का. तिसरा विचारला नाही. ते म्हणाले की हा दमा त्या हार्डनरचा आहे. एकदा तो अंगात शिरला की शरीर त्याला विसरत नाही. आता थोडासाही पुरेल. रंग मारायचा नाही, शेडमध्ये जायचं नाही, ताज्या रंगाच्या गाडीजवळ उभं राहायचं नाही. जनार्दननी विचारलं, "तोंडाला बांधून?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर शफीकभाई म्हणाले, "जनाभाई, आप कुर्सी लगा के बैठो. बोलते जाओ, हम करते जाएँगे." तसं करून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली खुर्ची टाकली. आम्ही एक पेंटर ठेवला, मास्क लावून काम करणारा. प्लास्टिकची खोली मी शफीकभाईंना सांगून फाडून टाकली. जनार्दन रस्त्यापलीकडून कान लावून बसत. कंप्रेसर चालू झाला, गनचा आवाज आला की ओरडत, "जवळ धरलायस! ओघळ येईल!" मधून ट्रक जात असत. पेंटरला ऐकू जात नसे. ओघळ येत असे.

पण खरी अडचण माझी झाली. मी टेबलाशी रंग ढवळून घरी गेले की त्यांना धाप लागे. साडीला, केसांना जे काही लागून येत असेल ते. म्हणून मी संध्याकाळी आधी शफीकभाईंच्या घरी जाऊ लागले. त्यांच्या पत्नी मला पाणी तापवून देत. तिथे डोक्यावरून आंघोळ करायची, लुगडं बदलायचं, मग घरी. त्या बाई माझे केस पंच्याने पुसता पुसता म्हणत, "इतना तो नई दुल्हन भी नहीं सजती, भाभी." मी हसत असे. पुष्कळदा एवढं करूनही उपयोग होत नसे. मी दारात दिसले की ते आधी उठून खिडकीशी जात. मला वाईट वाटू नये म्हणून बाहेर बघण्यासारखं काहीतरी असल्याचं दाखवत. मग मी दुसऱ्या खोलीत झोपू लागले.

शेड चालू ठेवायचं की बंद करायचं, यावर आमचं पहिलं आणि शेवटचं मोठं भांडण झालं. ते म्हणाले, "बंद केलंस तर मी कशाला जगतोय?" मी म्हटलं, "चालू ठेवलं तर तुमच्याजवळ बसता येत नाही मला." मी कंप्रेसर काढून टाकला. शफीकभाईंनी आपल्या हातोड्या गोणपाटात बांधल्या आणि दापोड्याकडे एका गॅरेजात गेले. जाताना त्यांनी जनार्दनना मिठी मारली नाही. लांबूनच हात कपाळाला लावला. त्यांच्याही कपड्यांना रंग होता.

त्यानंतर जनार्दन बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र त्यांच्याजवळ बसू शकत होते. मी पुस्तक मोठ्याने वाचत असे, ते भिंतीकडे तोंड करून ऐकत असत. एके दिवशी मी पान उलटून मागचंच वाचायला लागले, तेव्हा भिंतीकडूनच म्हणाले, "हे काल झालं." तेव्हापासून बोलणं सुरू झालं. उन्हाळ्यात त्यांना बरं वाटे. खाडीकडून वारा यायचा, आम्ही बांधापर्यंत चालत जायचो. रस्त्यात एखादी गाडी उभी दिसली की ते थांबत आणि वाकून दारावरून बोट फिरवत. "इथं कुणीतरी टचअप केलंय," म्हणत. मला दिसत असे की रंग चुकलाय. त्यांना दिसत असे की हात चुकलाय. आम्ही दोघं त्या परक्या गाडीला नावं ठेवत घरी यायचो. ते दिवस मी सुखाचे म्हणेन.

पुढच्या एका हिवाळ्यात पहाटे धुकं आणि कचरा जाळल्याचा धूर एक होऊन खाली बसू लागला. त्यांना आडवं पडता येईना. पुढे टेबल, टेबलावर उशी, उशीवर कपाळ, असे ते बसून झोपत. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते तसेच बसले होते. मी कप खाली ठेवला. पाठीवर हात ठेवला. छातीतला आवाज थांबला होता. गेली काही वर्षं तो आवाज घरात सतत होता, तो नाही एवढंच मला पहिल्यांदा समजलं.

शफीकभाईंनी खांदा दिला. बाळारामशेठही आले होते. ते माझ्यासमोर बसले आणि बराच वेळ रडले. मी त्यांना त्या प्लास्टिकबद्दल काही बोलले नाही. त्यांना ते माहीत नाही, आणि हा अंक ते वाचणार नाहीत. त्यांनी चांगुलपणाने दिलं होतं, आणि आम्ही आनंदाने लावलं होतं.

शेडच्या जागेवर आता एक दुकान आहे. आजूबाजूच्या गॅरेजांतून हल्ली रंगासाठी बंद खोल्या असतात, पण त्यांना हवा ओढणारे पंखे असतात, आणि पेंटर तोंडाला पूर्ण मास्क लावतो. रंग जुळवायला यंत्र आलं आहे. अडलं तर कुणीतरी पत्र्याची पट्टी घेऊन माझ्या दारात येतं. मी उन्हात जाऊन पाहते आणि सांगते. दार ओलांडून आत या, असं मात्र मी पेंटरला अजून म्हणू शकत नाही.

मुंबईची भाची हट्टाने दरवर्षी माझी तपासणी करून घेते. छातीचा फोटो काढतात, नळीत फुंकर मारायला लावतात. माझं टेबल उघड्यावर होतं. माझी छाती साफ आहे.